ठमीची कविता आणि डिशचं कार्ड

चि. सौ. ठमीस दादाचे भरभरून आशीर्वाद.

पत्र्याच्या पेटीवर बोटांनी ठेका धरून तू शाळेच्या कविता घोकायचीस, तो टकटक आवाज आज सकाळपासून कानात आहे. तुझा गुडघा कसा आहे? मेहुणे अजून घोरतात का? इकडे तुझी वहिनी ठीक आहे; मीही ठीक आहे, पण ते तिला मान्य नाही.

रविवारी त्या लांबच्या चॅनेलवर तुझं कवितावाचन लागेल ते माझ्या कॉम्प्युटरवर दिसेल आणि कायमचं साठवलंही जाईल, असं मी फोनवर ऐटीत म्हणालो. त्यातला रविवार तेवढा खरा आहे. चिरंजीव नोकरीच्या गावी जाताना कॉम्प्युटर टीव्हीला जोडून गेले. त्यात गाणी, सिनेमे, फोटो सगळं आहे, पण चॅनेल दिसायला आत ट्यूनर कार्ड बसवावं लागतं (हिरवी पाटी असते, गावाचा नकाशा काढल्यासारखी, मी बराच वेळ तिच्यात आपली शाळा शोधत होतो).

दुकानदाराने विचारलं, अँटेनाचं हवं की डिशचं? मी म्हटलं, चांगलं द्या. घरी आल्यावर कळलं, चांगलं म्हणजे अँटेनाचं. बदलायला गेलो तर म्हणे, डिशच्या कार्डातही दोन जाती, एस की एस-टू? (गुरुजींनी आपल्याला य, र, त, न, भ, ज, स, म हे गण शिकवले, त्यात एस-टू नव्हता.) निदान स ओळखीचा, म्हणून साधा एस घेतला. तुझं चॅनेल निघालं एस-टूवालं. पुढचं कार्ड सर्वगुणसंपन्न, पण त्याला कॉम्प्युटरात आखूड खाच लागते आणि आमच्याकडे रिकामी होती ती लांब. आता मी दिसलो की दुकानदार आत जातो आणि त्याची बायको गल्ल्यावर येते. शेवटचं कार्ड तिनेच निवडलं. ते बसलं. मग पडद्याने फ्रिक्वेन्सी आणि सिम्बॉल रेट मागितला, म्हणून मी मात्रा मोजायला घेतल्या. तुझ्या वहिनीने चॅनेलच्या ऑफिसात फोन करून आकडे विचारले आणि भरले. (फोन करता येतो, हे मला सुचलं नव्हतं.) त्यावर पडदा म्हणाला, सिग्नल नाही. तेव्हापासून तो तेवढंच म्हणतोय.

ठमे, घरात कवितेचा बोलबाला माझा, पण पाठ तुझ्या असायच्या. मी अडखळलो की तू पेटी वाजवून पुढची ओळ आठवून द्यायचीस. इतक्या वर्षांनी तू स्वतः पुढे उभी राहून म्हणणार आणि ते मला दिसणार नाही, हे काही केल्या गळी उतरत नाही.

तुझा गोंधळलेला
दादा

ता. क. खरं काम असं: रविवारी तुझ्या घरच्या टीव्हीसमोर फोन धर. मी ऐकेन, आणि पाहिलं म्हणून सगळ्यांना सांगेन. तू फक्त हो म्हण.

आणखी ता. क. गच्चीवर आमच्या डिशशेजारी पारव्याने अंडी घातली आहेत. ऊन लागू नये म्हणून मागच्या आठवड्यात मी डिश त्यांच्यावर वळवली. सावली झकास पडते. याचा वरच्या मजकुराशी काही संबंध नाही. तुला पाखरं आवडतात म्हणून कळवलं.

शेवटचा ता. क. पाकिटाला डिंक लावत होतो, तेवढ्यात बेल वाजली. दारात तू, मागे बॅगा घेऊन मेहुणे. "दादा, आमच्याकडे ते चॅनेलच दिसत नाही. म्हटलं, तुझ्याकडेच बघू." मी चष्मा आणायला म्हणून आत आलोय. हे पत्र दाराखालून सरकवतो. वाचून झालं की रागावायच्या आधी एकदा ती कविता म्हण. मी आतून ऐकतोय.