सरकारजमा किल्ल्या

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा कुलपं दुरुस्त करणे व किल्ल्या घासून देणे, राहणार दुसरा मजला, जिन्याच्या डाव्या हाताचं दार, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. मला कोणी दम दिलेला नाही, कोणी भुलवलेलं नाही. बुद्धी ठिकाणावर असल्याची खात्री डॉक्टरीणबाईंनी आज सकाळी करून घेतली. त्यांनी वार विचारला, तारीख विचारली, मग रीतीप्रमाणे विचारलं, "सध्या सरकार कोणाचं आहे?" मी बोलायला लागले ती थांबेचना. शेवटी त्याच म्हणाल्या, "पुरे, पुरे. अगदी शुद्धीवर आहात. रक्तदाब तेवढा बघू द्या."

रक्तदाब जास्त निघाला. तो या कागदाच्या आड येत नाही.

कलम एक. यापूर्वी मी केलेलं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात माझ्या एकुलत्या एका मुलाला काहीही ठेवलं नव्हतं आणि तसं लाल शाईने लिहिलं होतं. ते रागात लिहिलं होतं. हेही रागातच लिहिते आहे, पण आता राग दुसऱ्यांवर आहे.

कलम दोन. राहतं घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची अरुंद बाल्कनी, माझ्या स्वकष्टार्जित मिळकतीतलं आहे. यातलं अर्धं माझ्या सुनेला. उरलेल्या अर्ध्याचं काय, ते कलम पाचमध्ये सांगते. तिथपर्यंत पोचायला मला वेळ लागणार आहे. एवढं लिहीपर्यंतच दोनदा उठून खिडकीशी जाऊन आले.

कलम तीन. कोपऱ्यावरच्या जिन्याखालचं दुकान, त्यातला किल्ली धरायचा व्हाइस, सगळ्या कानशी, कोऱ्या किल्ल्यांचा डबा आणि लिव्हरच्या, म्हणजे कुलपाच्या पोटात किल्लीने उचलल्या जाणाऱ्या पट्ट्यांचे खोके, हे सुनेला. हा धंदा मूळचा माझ्या यजमानांचा. चाळिशीतच त्यांचा हात थरथरायला लागला. ते शेजारी बसून सांगायचे आणि मी घासायची. ते गेल्यावर लोक मला किल्लीबाई म्हणायला लागले. मला ते नाव आवडायचं. पुढे एक दिवस आवडेनासं झालं. ते कसं, ते लिहिल्याशिवाय हे कलम पुरं होत नाही.

पाच वर्षांपूर्वी हुकूम निघाला. कुलूपवाल्याने केलेल्या प्रत्येक किल्लीची एक जोड, म्हणजे तशीच दुसरी किल्ली, घरमालकाच्या नाव-पत्त्याची चिठ्ठी बांधून, नोंदणी कार्यालयात जमा करायची. कारण काय, तर नागरिकांची सुरक्षा. आग लागली, कोणी आत बेशुद्ध पडलं, तर दार फोडावं लागू नये. वाचायला किती गोड! याच्याआधी गच्चीवर कोण झोपतं त्याची नोंद झाली. मग पाहुणा दोन रात्रींपेक्षा जास्त राहिला तर कळवा, असं झालं. प्रत्येक वेळी आम्ही म्हटलं, एवढंच ना, देऊन टाकू, कटकट नको. माझं स्पष्ट मत आहे की सरकार एकदम घरात शिरत नाही. आपणच सरकून सरकून त्याला जागा करून देतो.

माझा मुलगा त्याच कार्यालयात कारकून. फॉर्म तोच घरी घेऊन आला.

"आई, सही कर. त्या किल्ल्या कपाटात पडून गंजणार आहेत. उघडून बघायलासुद्धा कोणाला वेळ नाही."

"लोकांना सांगायचं?"

"हुकूम जाहीरच आहे की. वेगळं काय सांगायचं?"

मी सही केली. तीन वर्षं किल्ल्या जमा केल्या. गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना त्याची एक किल्ली त्याला दिली आणि दुसरी खणात टाकली. कोणी विचारलं तर सांगितलं, कोणी विचारलं नाही तर गप्प राहिले. हा माझा कबुलीजबाब आहे. तो माझ्याकडून कोणी काढून घेतलेला नाही.

कलम चार. मागच्या गल्लीत एक निवृत्त मास्तर राहतात. घरच्या नळाला रोज पाणी किती वाजता आलं आणि किती वाजता गेलं, हे ते एकोणीस वर्षं वहीत लिहीत होते. दुसरा नाद नाही. मी किल्ल्या जमा करत होते त्या तिसऱ्या वर्षी पाणीखात्याने चौकात मोठा फलक लावला, चोवीस तास पाणी. मास्तरांनी आपल्या वहीची दोन पानं उतरवून वर्तमानपत्राला पाठवली. ती छापून आली.

आठवड्याने मास्तर दुकानात आले. "बाई, माझं कुलूप जरा बघता का? बिघडलंय का ते कळत नाही."

मी त्यांच्या घरी जाऊन कुलूप खोलून बघितलं. खिळ्याने, तारेने कुलूप उघडलं की आत ओरखडे पडतात. एकही ओरखडा नव्हता.

"कुलूप ठणठणीत आहे, मास्तर."

"तेच म्हणतोय मी. कुलूप ठणठणीत आहे आणि वह्या नाहीत."

न वापरलेल्या नव्या किल्लीच्या दातांवरून पितळेची बारीक पूड सुटते. मास्तरांची किल्ली वापरून गुळगुळीत झालेली, तरी लिव्हरवर ती पूड होती. माझ्या बोटाला लागली. ती मी ओळखली नसती तर कोणी ओळखली असती?

"ती किल्ली मी केली होती, मास्तर. जोडही मीच नेऊन दिली होती."

त्यांनी कुलपाचे सुटे स्क्रू एकेक करून माझ्या हातात दिले. मग म्हणाले, "मला वाटलंच होतं. पण तुम्ही सांगाल का, ते बघायचं होतं."

त्या दिवसापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. जेवताना उठते, बोलता बोलता विसरते, बसले की पाय हलत राहतो. बसवेना म्हणून मी चालायला लागले. ज्यांच्या ज्यांच्या किल्ल्या जमा केल्या होत्या त्यांची यादी काढली आणि दारोदार फिरून सगळ्यांच्या कुलपांतले लिव्हर बदलले. नव्या किल्ल्या घरमालकाच्या हातात, जोड कुठेही नाही. म्हणजे कपाटातल्या किल्ल्यांनी आता काहीच उघडत नाही. दोनशेवर घरं होती. वर्ष लागलं. सून टॉर्च धरून बरोबर यायची. तिला मी म्हटलं, "तुझा नवरा त्या कार्यालयात आहे, विचार कर." ती म्हणाली, "माझा विचार करून झालाय. तुम्ही पायरी बघून उतरा."

एक बाई दारातच म्हणाल्या, "आमच्या घरात काय आहे लपवण्यासारखं? कशाला बदलायचं?"

मी विचारलं, "मग दार कशाला लावता?"

त्यांनी आत घेतलं. तीन घरांनी घेतलं नाही. त्यांच्यावर माझा राग नाही. आहे, थोडा आहे.

मास्तरांच्या वह्या परत मिळाल्या नाहीत. त्यांना या कलमान्वये माझ्या कपाटातला कोऱ्या वह्यांचा गठ्ठा, माझं मनगटी घड्याळ आणि दुकानासमोरची वेताची खुर्ची द्यावी. मास्तरांनाच साक्षीदार करणार होते, पण ज्याला काही मिळतं त्याने साक्ष करायची नसते असं कळलं.

कलम पाच. आता मुलगा.

गेल्या वर्षी मला चौकशीला बोलावलं. टेबलापलीकडे साहेब, आणि बाजूला जबाब उतरवून घ्यायला माझाच मुलगा. तो वर बघत नव्हता.

"किती कुलपं बदललीत?"

"ज्यांच्या किल्ल्या जमा केल्या होत्या, तीन सोडून सगळ्यांची."

"कोणाकोणाची?"

"ज्यांनी दार उघडलं त्यांची. नावं सांगणार नाही."

"पुन्हा कराल?"

"हात चालतोय तोवर."

माझा परवाना रद्द झाला. घरी येताना मी पुढे आणि तो दहा पावलं मागे. पोटच्या पोराने आईचा जबाब खाली मान घालून लिहून घेतला, हे मला सहन झालं नाही. ते लाल शाईचं मृत्युपत्र मी त्याच संध्याकाळी लिहिलं. एका घरात राहून आम्ही महिनाभर एकमेकांशी बोललो नाही.

मग जबाबाची नक्कल टपालाने आली. त्यात लिहिलं होतं : कुलपं जुनी झाल्याने काही दुरुस्त केली. संख्या आठवत नाही. नावं आठवत नाहीत. पुन्हा करणार नाही.

मी नक्कल त्याच्या ताटाशेजारी आपटली. "हे मी म्हणाले होते?"

"नाही."

"मग माझ्या तोंडी हे कोणी घातलं?"

"मी घातलं. तू बोललीस ते लिहिलं असतं तर तुला आत टाकलं असतं. आणि मग त्या दोनशे घरांत एकेक करून गेले असते."

"साहेबांनी वाचून सही केली?"

"हे साहेब वाचत नाहीत, आई. पुढचे वाचतील."

तो खाली मान घालून भाजी कालवत राहिला. एवढे दिवस मी त्याच्यासमोर पाठ फिरवून जेवत होते आणि हा रोज त्या कागदाशेजारी बसून नोकरी करत होता. आणि एक सांगते. त्याने मला वाचवलं तरी माझे शब्द बदलले, ते मला आजही टोचतं. मायेने केलं तरी ते माझं बोलणं होतं. त्यालाही मी हे सांगितलं. तो म्हणाला, "मग कधीतरी खरं लिहून ठेव."

मागच्या महिन्यात नवे साहेब आले. त्यांनी वाचलं, आणि बदललेल्या कुलपांशी तो जबाब जुळेना. मुलगा आता निलंबित आहे आणि त्याची चौकशी चालू आहे. म्हणून इथे लिहून ठेवते : वर दिलेली माझी उत्तरं शब्दशः खरी आहेत. नकलेतली उत्तरं माझी नाहीत, पण त्यांची जबाबदारी माझी आहे. पहिली सही मी केली नसती तर पुढचं काहीच घडलं नसतं. चौकशीत माझ्या मुलाविरुद्ध हा कागद कोणी दाखवलाच, तर तो अर्धा न वाचता पूर्ण वाचावा.

घराचं उरलेलं अर्धं त्याला. बँकेतली ठेवही त्याला, वकील लागणारच आहे.

कलम सहा. सरकारला माझ्याकडून काही नाही. त्यांच्याकडे माझं खूप काही आहे : अंगठ्याचे ठसे, तीन बाजूंनी काढलेले फोटो, परवाना आणि तीन वर्षांच्या मेहनतीच्या किल्ल्या. त्या वितळवून त्यांचे नळ करावेत. मला बंड वगैरे करायचं नव्हतं. मला फक्त माझं काम करून, कोणाचा विश्वास न मोडता, घरी येऊन पाय पसरून बसायचं होतं. एवढी साधी गोष्ट करायला माणसाला म्हातारपणी दारोदार फिरावं लागतं, याला राज्य चालवणं म्हणत असतील तर म्हणोत.

कलम सात. सध्याच्या नियमानुसार माणूस मेला की वारसनोंद होईपर्यंत त्याच्या घराची किल्ली तीन दिवसांत कार्यालयात जमा करावी लागते. मी गेल्यावर माझ्या मुलाकडे आणि सुनेकडे ती मागायला माणूस येईल. त्यांना अडचण होऊ नये म्हणून आज सकाळी मी दाराचं कुलूप स्वतः काढून टाकलं आहे. भोकावर लाकडाची फळी ठोकली आहे. तेव्हा जमा करायला किल्ली नाही, हे त्या माणसाला सांगावं. दार नुसतं ढकललं की उघडतं, हेही सांगावं. पण आत माणसं राहतात. आधी दार वाजवायचं आणि आतून "या" म्हणेपर्यंत बाहेर थांबायचं.

हे मृत्युपत्र मी स्वतःच्या हाताने लिहिलं, दोन्ही साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवलं आणि त्यांच्या समोर सही केली. त्यांनी माझ्या समोर केली.

सही : किल्लीबाई (कागदोपत्री नाव सहीत आहे)

साक्षीदार पहिल्या : डॉक्टरीणबाई, तळमजला. "लिहिणारी व्यक्ती पूर्ण शुद्धीवर आहे. गोळी घ्यायला तयार नाही."

साक्षीदार दुसरे : शिंपी, दुकानासमोर. "ऐकलं. कलम सात दोनदा वाचायला लावलं."

ठिकाण : राहत्या घरचं स्वयंपाकघर. दिनांक नऊ फेब्रुवारी, सोमवार, दुपारी सव्वाबारा. नळाला पाणी नाही.