डाव्या हाताचा कीबोर्ड

सर, आज ऑफिसात एका नव्या मुलीनं विचारलं, "मॅडम, तुम्ही प्रोग्रॅमिंग शिकलात कुठं?" मी श्रीगोंद्याचं नाव सांगितलं, आणि मग दिवसभर तुमचा तो एसटी स्टँडमागचा क्लास डोळ्यांपुढून हलेना. कॉलेजात शिकवलेली प्रोग्रॅमिंगची भाषा फार कडक होती. कुठल्या नावाखाली कसली माहिती ठेवणार ते आधी जाहीर करा, अख्खा प्रोग्रॅम तपासून घ्या, मग कुठं तो चालणार. तुम्ही पहिल्याच दिवशी वेगळी भाषा उघडून दिलीत. एक ओळ लिहिली की लगेच उत्तर. मी विचारलं, "सर, चुकलं तर?" तुम्ही म्हणालात, "चुकलं तर ती सांगंल. दुरुस्त करायचं. त्यात भ्यायचं काय?"

मग तुम्हाला अर्धांगवायूचा झटका आला, उजवा हात गेला आणि क्लासला कुलूप लागलं. मी घरी भेटायला आले तेव्हा काकू भाकरी थापता थापता हळूच म्हणाल्या, "लई चिडत्यात आता. कॉम्प्युटरवर चादर टाकून ठिवलीय. तूच बघ बाई कायतरी." आपण ज्या एडिटरात प्रोग्रॅम लिहायचो तो आपल्याला हवा तसा बदलता येतो, हे तुम्हीच शिकवलेलं. मी चादर काढते आणि लिहायला लागते: डावीकडची एक कळ आधी दाबली, की पुढच्या कळेवर उजवीकडचं अक्षर यावं. तुम्ही दारात उभे. "मला कुणाची दया नको," म्हणता. मी घाबरते, पण उठत नाही. शेवटी काकूच खुर्ची ओढून देतात. तुम्ही बसता, डाव्या हातानं एक ओळ लिहिता आणि वैतागता, "कंस फार लांब पडतोय. जवळ आण." एडिटर बंद न करता मी तिथल्या तिथं बदल करते. "अजून जवळ!" संध्याकाळपर्यंत तुम्ही मला इतकं रागावलात, की काकू तोंडाला पदर लावून हसत होत्या. मला मात्र रडू येत होतं. तुम्ही अगदी क्लासमध्ये रागवायचात तसे रागावत होतात.

दिवाळीनंतर कुलूप निघालं. पुढं त्या कळा तुम्ही स्वतःच बदलत गेलात आणि हे जग सोडलंत त्या वर्षापर्यंत डाव्या हातानं शिकवत राहिलात.

हल्ली दर रविवारी मी पाथर्डीला जाते, तिथल्या मुलींना तीच भाषा शिकवते. हे पत्र पाठवायचं कुठं? पण कुणालाच सांगितलं नाही ते तुम्हाला सांगते. मला शिकवायचा फार कंटाळा येतो, सर. दर शनिवारी वाटतं, उद्या नकोच जायला. आणि सकाळी बघावं तर मी जीपमध्ये बसलेली असते.