कुकरात शिजलेली अकरा सफरचंदं

तुंगार्ली, लोणावळा
११ ऑक्टोबर १९६६

ती. हिराअक्का हिला धाकट्या गोरखचा सप्रेम जयभीम. दाजींनाही तो पोचवावा. इकडे आम्ही सगळे हातीपायी धड आहोत. तुमच्याकडेही तसंच असेल असं धरून चालतो, कारण तुझ्याकडून काही कळण्याचा योग गेल्या वीस महिन्यांत आलेला नाही. (हा टोमणा नाही. मीही कळवलेलं नाही.) दाजींच्या गुडघ्याला उतार पडला का? त्यांना म्हणावं, सायकलवरून देहूरोडच्या डेपोपर्यंत जाणं आता पुरे करा, पण माझं नाव सांगू नकोस. हे पत्र तू स्वतः वाच. साक्षरतेच्या वर्गात तू वाचायला शिकलीस तेव्हा मीच तुला पहिलं पुस्तक आणून दिलं होतं. एकेक ओळ सावकाश वाचलीस तरी चालेल, मीही सावकाशच लिहितो आहे.

आधी वाईट बातमी सांगतो आणि लगेच चांगली सांगतो, म्हणजे तुझा जीव टांगणीला लागायचा नाही. आई श्रावण-भाद्रपदात मुदतीच्या तापानं अंथरुणाला खिळली होती. आता ती उठून बसते, आणि कालपासून भिंतीला धरून पेरूच्या झाडापर्यंत जाते. तेव्हा घाबरू नकोस. तुला त्या वेळी कळवलं नाही ही माझी चूक आहे. रोज कार्ड घेऊन बसायचो, "ती. अक्का" एवढं लिहायचो आणि पुढं काय लिहावं ते सुचायचं नाही. अशी तीन कार्डं वाया गेली. (तुझ्या भावजयीनं, मुक्तानं, त्यांच्या मागच्या बाजूला धोब्याचा हिशेब लिहिला.)

ताप एकविसाव्या दिवशी उतरला, पण उतरताना तिची भूक घेऊन गेला. पेज दिली तर तोंड फिरवायची. मुगाचं कढण दिलं तर म्हणायची, जिभेला चव न्हाई. दात तर तुला माहीत आहेत, खालचे दोनच राहिलेत आणि ते दोघे एकमेकांना भेटत नाहीत. डॉक्टर आले, त्यांनी डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या आणि सांगितलं, सफरचंद शिजवून, गाळून, त्याचा गर चमच्या-चमच्यानं द्या. आपल्या घरात सफरचंद कधी आलेलं नव्हतं, अक्का. मी ते चित्रात पाहिलं होतं आणि बाईंच्या टेबलावर पाहिलं होतं.

योगायोग असा की त्याच आठवड्यात बाईंचे मुंबईचे पाहुणे बंगल्यावर राहून गेले आणि मागे एक करंडी राहिली. (बाई म्हणजे मी ज्या बंगल्याची राखण करतो त्याच्या मालकीणबाई. वयानं आईएवढ्या, पण त्यांचे दात विकतचे आहेत.) करंडीत अकरा सफरचंदं होती. बाईंना पत्र टाकून विचारलं, तर त्यांचं उत्तर आलं की वाटून टाका, आणि आईसाठी शिजवणार असाल तर कोठीतला कुकर वापरा, त्यात फळ सावकाश शिजतं आणि लागत नाही.

हा कुकर म्हणजे काय ते तुला सांगायला हवं. पितळेचं उभं नळकांडं असतं, आपल्या धान्याच्या मापाला पाय फुटल्यासारखं. त्यात एकावर एक चार डबे बसतात. तळाशी वीतभर शेगडी, तिच्यात मूठभर कोळसे. झाकण लावून कड्या चढवल्या की चार तास त्याच्याकडे बघायचं नाही. बाईंचे मालक शिकारीला जाताना हा बरोबर नेत, म्हणजे इकडे साहेब शिकार शोधत फिरायचे आणि तिकडे भात आपला आपण शिजायचा. मी हे सगळं पूर्वी लांबून पाहिलं होतं. म्हणून मुक्तानं चुलीवर पातेल्यात शिजवू का असं विचारलं तेव्हा मी तिला म्हणालो की ज्यातलं आपल्याला कळत नाही त्यात पडू नये.

पहिल्या दिवशी चार सफरचंदं सोलली, फोडी केल्या, खालच्या डब्यात भरल्या, कोळसे पेटवले, कड्या चढवल्या आणि बंगल्याच्या पाण्याची टाकी बघायला गेलो. चार तासांनी आलो तर वास वेगळाच. बाहेरच्या भांड्यात पाणी घालायचं असतं ही गोष्ट बाईंनी मला कधी सांगितली नव्हती, बहुधा ती सांगावी लागेल असं त्यांना वाटलं नसावं. सफरचंदांचा कोळसा झाला होता, आणि डब्याच्या बुडाचा झाळलेला सांधा वितळून बूड एकीकडे आणि डबा एकीकडे झाला होता. मुक्ता डबा घासत बसली, आणि ज्याला बूड नाही तो डबा घासताना बाईमाणूस किती वेळ लावू शकतं ते मी त्या दिवशी पाहिलं.

कल्हईवाल्याकडे डबा दोन दिवस अडकला. त्या दोन दिवसांत आईच्या पोटात भाताच्या निवळीचे चार घोट गेले असतील. डॉक्टर पुन्हा आले, मला अंगणात घेऊन गेले आणि म्हणाले, आणखी दोन दिवस असेच गेले तर इथं ठेवू नका, पुण्याला मोठ्या दवाखान्यात न्या, आणि नातेवाइकांना कळवून ठेवा. अक्का, नातेवाईक म्हणजे तू. तिसरं कार्ड मी त्या दिवशी घेतलं होतं.

डबा आला. या खेपेला पाणी घातलं, ते दोनदा बघितलं, आणि चार सफरचंदं चढवली. मुक्ता शेजारच्या बंगल्यावर भांड्याला गेली होती. मला टपालवाल्यानं फाटकाशी बोलावलं. तेवढ्यात अंबूबाई आली. अंबूबाई पलीकडच्या बंगल्याच्या माळ्याची बायको, आंदर मावळातली, मनानं फार चांगली. आईच्या तापात रोज दोन हंडे पाणी तिनंच भरून दिलं. तिनं कड्या काढल्या, झाकण उघडलं, बोट घालून चाखलं आणि तिला वाटलं की पोरं मीठ घालायची विसरली. तिनं मीठ घातलं. मग आजाऱ्याच्या तोंडाला चव यावी म्हणून लसूण ठेचून, लाल मिरची मोडून चरचरीत फोडणी दिली. मी आलो तेव्हा ती पदरानं हात पुसत मोठ्या समाधानानं म्हणाली, "आता खातीया का न्हाई बघा म्हातारी."

तिला मी काय म्हणणार? मी म्हणालो, बरं केलंत मावशी. आईनं वास आल्याबरोबर भिंतीकडे तोंड केलं. मी आणि मुक्तानं ते भाकरीबरोबर खाल्लं आणि खरं लिहायचं तर ते चांगलं लागलं. पण करंडीत आता तीन सफरचंदं उरली होती. अंबूबाईला नंतर मुक्ताकडून कळलं तेव्हा ती बिचारी कडप्प्यावर बसून रडली. मी तिला सांगितलं की माझी चार तर जळली, तुमची निदान आम्ही खाल्ली.

तिसऱ्या खेपेला मी सकाळपासून कुकरापुढे बसलो. टाकी बघितली नाही, फाटक उघडलं नाही. अंबूबाई दाराशी पहारा देत बसली, आणि आत येऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला, कोंबड्यांसकट, तिनं परतवलं. कोळसे कमी वाटले की दोन घालायचो, जास्त वाटले की राख पसरायचो. दुपारी कड्या काढल्या तर फोडी अशा मऊ झाल्या होत्या की चमचा लागला नाही. अंबूबाईच्या पुरणयंत्रातून त्या फिरवल्या. फिकट, गुलाबी नाही आणि पिवळाही नाही असा रंग आला. मी वाटीत काढलं आणि आईजवळ जाऊन बसलो.

तिनं ओठ घट्ट मिटले.

मी सांगून बघितलं, की डॉक्टर रागावतील. बाईंचं नाव घेतलं. मुक्तानं जवळ बसून पाठीवरून हात फिरवला. अंबूबाईनं लांबूनच हात जोडले. काही उपयोग झाला नाही. चमचा धरून माझा हात अवघडला आणि वाटीत साय धरल्यासारखा थर आला. अक्का, तो जुना विषय मला काढायचा नव्हता, पण त्या वेळी माझ्या मनात तोच आला. गेल्या वर्षी माघात ज्वारीची काढणी चालली होती, आई तुझ्याकडे होती, तू दिवसभर रानात ज्वारी उपटून आली होतीस, चुलीपुढे बसलीस आणि म्हणालीस, एकीसाठी येगळा मऊ भात शिजवाया मला काय चार हात हाईत? एवढं एकच वाक्य. दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं दोन लुगडी पिशवीत घातली, तळेगाव स्टेशनापर्यंत चालत गेली आणि आमच्या दारात येऊन उभी राहिली. मी तुला दोष देत नाही. दिवसभर रान उपसल्यावर माणसाच्या तोंडून काय निघेल सांगता येत नाही. तिलाही देत नाही. पण तेव्हापासून आम्ही घरात तुझं नाव घेणं टाळलं, तिला लागेल म्हणून. मुक्ताला मी तशी ताकीदच दिली होती.

आणि त्या दिवशी, का ते मला अजून कळलेलं नाही, मी म्हणालो, "आई, ही हिराअक्कानं धाडलीत."

तिनं डोळे उघडले. "कोन?"

"हिराअक्का. सुदुंबऱ्यावरनं. माणसाबरोबर धाडली सफरचंदं. म्हणाली, आईला मऊ शिजवून घाल."

ती कोपरावर जोर देऊन थोडी वर झाली. मला वाटलं, आता उठून पिशवी भरते. मग तिनं तोंड उघडलं. सात चमचे खाल्ले. मी मोजले. मुक्ता आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

त्याला आज पंधरा दिवस झाले. तीन सफरचंदं कधीच संपली, आता बाजारातून आणतो, कुकर रोज चढतो आणि दाजींच्या गुडघ्यापेक्षा आईचे गुडघे बरे चालतात असं म्हणायला हरकत नाही. डॉक्टर म्हणाले, शाबास. मी म्हणालो, कुकर चांगला आहे.

एवढं लिहून पुरे करतो. दाजींना जयभीम, मुलांच्या पाठीवर हात.

तुझा भाऊ,
गोरख

ता. क. पत्र ज्याच्यासाठी लिहिलं ते काम राहिलंच. आई रोज खाता खाता प्रश्न विचारते आणि मला उत्तरं द्यावी लागतात, त्यामुळे प्रकरण वाढलं आहे. तेव्हा पुढील गोष्टी ध्यानात ठेव. सफरचंदं दाजींच्या डेपोतला एक मित्र देतो. त्याचं नाव जोगिंदर. तो कुलूचा आहे आणि त्याच्या बापाची बाग आहे. तू ती आठवड्यातून एकदा धाडतेस. येताना जमेल तितकी घेऊन ये, आणि ती हातात असू देत. जोगिंदरला तीन बहिणी आहेत असं मी काल बोलून बसलो. ते का बोललो ठाऊक नाही, पण आता आहेत.

ता. क. दुसरा. ये असं मी म्हणत नाही. भात काढायचे दिवस जवळ आलेत ते मला कळतं. पण दसऱ्याला आपल्या दीक्षेला दहा वर्षं पुरी होतील, इथं वस्तीत कार्यक्रम आहे, आणि तू कार्यक्रमाला आलीस म्हटलं तर कुणालाच काही विचारायचं कारण राहणार नाही. आईलाही नाही.

अक्कांना मुक्ताचा जयभीम. हे पत्र टपालात टाकायला माझ्याकडे दिलं आहे, ते उघडून खाली चार ओळी मी लिहिते. माझं अक्षर वाईट आहे. आईंना मी पत्र वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या ते त्यांच्याच शब्दांत लिहिते, कारण त्यांनी तसं बजावलं आहे. "हिरीला म्हनावं, मला पयल्या दिवशीच कळलं. सुदुंबऱ्यात कुटनं येत्यात सफरचंदं? पन दीड-दोन वरसात ह्या घरात कुनी तिचं नाव घेतलं न्हवतं. ते त्यानं घेतलं, म्हनून मी तोंड उगडलं." तुम्ही याच, आणि येताना काही आणू नका. आईंना सफरचंद अजिबात आवडत नाही. त्या म्हणतात, गिळगिळीत लागतं. पण हे रोज वाटी घेऊन बसतात आणि पहिल्या चमच्याला म्हणतात, हिराअक्कानं धाडलंय, तेवढं ऐकायला म्हणून त्या सातही चमचे खातात. हे यांना कळवू नका. आत्ताच कोळसे पेटवायला गेलेत.