ऑकलंड ते धारूर, तीस तास

धारूर, दि. ४ मार्च

चि. शिवकन्या हिस आबाचे अनेक आशीर्वाद वि. वि.

माझे कान गेल्यापासून फोन माझ्या कामाचा राहिला नाही, म्हणून लिहितो. तुझी वहिनी योगिता पत्राचा फोटो काढून पाठवील. तुझ्या आईचं हृदय थकलंय. दवाखान्यातून घरी न्या म्हणाले. तू नर्स आहेस, याचा अर्थ तुला कळेल.

तिचे ओठ तेवढे मला अजून वाचता येतात. शिवा किती लांब हाय, म्हणून रोज विचारते. मी जुना भूगोलाचा मास्तर, बारा हजार किलोमीटर म्हणून मोकळा झालो. तर म्हणाली, ऊसतोडीला बैलगाडीनं पाच दिवस लागायचे, त्याहून लांब का? म्हटलं, लांब आहे, पण विमानाला वेळ कमी लागतो. मग येत कावून न्हाई, म्हणाली.

दहा तारखेला तुझी परीक्षा आहे, ठाऊक आहे. जमेल तसं कर.

तुझा आबा

ऑकलंड, दि. ५ मार्च

ती. आबांस शिवाचा शि. सा. न. वि. वि.

अकरा तारखेच्या रात्रीचं तिकीट काढलं. इथून सिंगापूर साडेदहा तास, तिथं चार तास थांबायचं, पुढं मुंबई साडेपाच तास. मग गाडीनं दहा. बारा तारखेला संध्याकाळी सातपर्यंत घरी. परीक्षा पुढं ढकलता येत नाही, नाहीतर उद्याच निघाले असते.

आईला सांगा, रुसायचं तेवढं आताच रुसून घे, मी आल्यावर नाटकं चालणार न्हाईत. तुमीबी वेळेवर जेवा.

तुमची लाडकी, शिवा

धारूर, दि. १२ मार्च, सकाळी साडेसात

चि. शिवा, अनेक आशीर्वाद.

मुंबईला उतरून फोन उघडशील तेव्हा हे वाचशील. आई सकाळी सहाला गेली. तू विमानात होतीस. कालपासून एकच विचारत होती, कुठवर आली. पहाटे मी सांगितलं, सिंगापूर सोडलं. तिनं मान हलवली.

भावकी दुपारीच न्या म्हणते. दिवस मावळल्यावर अग्नी देत नाहीत. मी दारात खुर्ची टाकून बसलोय. तुझा भाऊ भारत माझ्या बाजूनं आहे. थांबवेल तेवढं थांबतो. पण गाडीवाल्याला पळव म्हणू नकोस, बाळा.

आबा

ऑकलंड, दि. ६ एप्रिल

ती. आबांस नमस्कार.

केजच्या अलीकडं होते तेव्हा भारतदादाचा फोन आला, दिवस बुडायला आलाय, आता थांबता येत न्हाई. मी तशीच स्मशानात आले तेव्हा चिता पेटली होती. साऱ्या भावकीसमोर मी तुमच्या अंगावर ओरडले. तुमी माझ्या डोक्यावरून हात फिरवत राहिलात. तुम्हाला ऐकू गेलं न्हाई, आणि मी काय बोलले ते कुणी सांगितलंही नसेल. तेरा दिवस घरात होते, मलाही सांगवलं न्हाई.

मी म्हणाले होते, पाऊण तास थांबला असतात तर तुमचं काय गेलं असतं? म्हणाले होते, तुमीच माझी आई मला बघू दिली न्हाई.

आबा, परीक्षा पुढं ढकलता येत होती. मी विचारलंच न्हाई. वर्ष वाया जाईल वाटलं. आठवडाभर आई कुठं जाते, असं वाटलं. तुमचं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी निघाले असते, तर तिच्याजवळ चार दिवस बसता आलं असतं.

हे वाचून राग आला तर रागाचंच पत्र लिहा. पण लिहा.

तुमची, शिवा