समटरचा झेंडा उतरला त्या दिवशीची माझी व्यवस्था

मी, एलायस गेंडरॉन, वय शेहेचाळीस, महाविद्यालयाचा पदवीधर, लॅटिनचा शिक्षक, राहणार ट्रॅड स्ट्रीट, चार्ल्स्टन, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर लिहीत आहे. आज या शहरात शुद्धीवर असलेली माणसे थोडी आहेत, म्हणून हे मुद्दाम नोंदवतो.

कारण असे. दोन दिवस माझा धाकटा भाऊ आयझॅक बंदरातल्या उत्तरेच्या किल्ल्यावर होणारा आमच्या तोफांचा मारा पाहायला पाहुणे घेऊन माझ्या छपरावर बसला होता. मला न विचारता. आज दुपारी समटर किल्ल्याने शरणागती पत्करली, तेव्हा तो ओरडला, "संपलं युद्ध! एक माणूस मेला नाही! दादा, उचल पेला!"

मी म्हणालो, "संपलं नाही, सुरू झालंय. आणि मरायला तुम्ही जाणार नाही, दुसऱ्यांची पोरं पाठवाल."

त्यावर पाहुण्यांतले कॅप्टन व्हिटमोर यांनी अपमान मानून मला द्वंद्वाचे आव्हान दिले. सोमवारी पहाटे पिस्तुले. त्यांच्या बाजूने अटी ठरवायला आयझॅक उभा राहिला आहे. सख्खा भाऊ.

घर मी बहीण ज्युडिथ हिला देतो. अट एकच: आयझॅकने छपरावर पाय ठेवू नये.

वडिलांची दुर्बीण बंदरावरील नावाड्यांच्या शाळेला. तिचे झाकण आयझॅकला. त्याचे पाहून झाले आहे.

पुस्तके ज्युडिथने विकावीत. चार्ल्स्टनमध्ये गिऱ्हाईक मिळणार नाही.

आता फिबी, माझ्या घरची स्वयंपाकीण, माझ्या मालकीची गुलाम. आज छपरावर आयझॅक तिला म्हणाला, "दादा गेला की तू माझी. सँटी नदीवरच्या मळ्यावर नेतो. नवरा राहील इथे कपडे शिवत."

ती सरबत ओतत होती. म्हणाली, "धाकटे मालक, आधी हातातलं तरी संपवा."

मृत्युपत्राने गुलामाला मुक्त करणे या राज्यात वीस वर्षांपासून बेकायदा आहे. तसा नुसता हेतू दिसला तरी कलम रद्द होते आणि आयझॅक तेच शोधणार. म्हणून मी फिबीला मुक्त करत नाही. तिची संपूर्ण मालकी सायरस ड्रेटन, स्वतंत्र कृष्णवर्णीय शिंपी, यास देतो. कोणतीही अट नाही, अपेक्षा नाही. तो तिचा नवरा आहे, हे ओळख पटावी म्हणून लिहिले.

हे मी कशासाठी करतो, असे स्वतःला विचारले. उत्तर येथे लिहीत नाही.

आजच तिचे सायरसच्या नावे विक्रीखत केले असते, पण कचेरी बंद आहे. कारकून छपरांवर आहेत. सोमवारी परतलो तर पहिले काम तेच. मग आयझॅकला झाकणसुद्धा मिळणार नाही.

कॅप्टनवर मी नेम धरीन की नाही, हे ठरलेले नाही. त्यांना ते आधी कळवू नये.

खालील तिघांच्या समोर सही केली. छपरावर न गेलेली माणसे फिबीनेच शोधून आणली. तिची स्वतःची साक्ष कायद्याला चालत नाही.

एलायस गेंडरॉन
चार्ल्स्टन, १३ एप्रिल १८६१

साक्षीदार:
हेन्रिक बुशमान, पाववाले. भट्टी सोडता आली नाही.
मिस लेटिशिया पर्डी. तोफा ऐकूच आल्या नाहीत.
ॲम्ब्रोज केली, कबरी खोदणारे. म्हणाले, "मला घाई नाही, साहेब."