रूडीच्या शर्टासाठी राखून ठेवलेला खिळा

मी, लेम्पी साल्मेला, माहेरची हाउतामाकी, आर्व्हिड साल्मेला यांची विधवा, वय ८१, राहणार हार्जू, उत्तर मिशिगन, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत व स्वखुशीने लिहून ठेवत आहे. गुडघे गेले आहेत, पण डोके शाबूत आहे. म्हातारीला भ्रम झाला होता असे माझ्या धाकट्या भावाने, म्हणजे रूडॉल्फ ऊर्फ रूडी हाउतामाकीने, पुढे कोणाला सांगितले तर डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, तो त्याच्या तोंडावर धरावा.

१. गावातले राहते घर, सौना म्हणजे वाफेची न्हाणी व सरपण यांसकट, विकून येईल ती रक्कम गावच्या अग्निशमन पथकाला द्यावी. आर्व्हिडने तिथे उभी हयात घालवली. याबद्दल कोणाची तक्रार असण्याचे कारण नाही.

२. हार्जू तळ्यामागचे चाळीस एकर जंगल आणि त्यातला शिकारीचा कॅम्प. हा वडिलांनी माझ्या नावे केला, कारण शेवटची वर्षे त्यांचे मी केले. रूडीला शेत मिळाले. तरी कॅम्प आपल्याच मुलग्यांचा होणार असे रूडी गावभर सांगत असतो. तो मी त्याची मुलगी आयली हिला देत आहे. बापाने तिला हरणाच्या शिकारीला कधी नेले नाही. बायकांच्या वासाने हरणे पळतात म्हणे. आता त्याला कॅम्पच्या दारात पोरीची परवानगी मागावी लागेल.

३. वडिलांची रायफल व तिच्यावरची दुर्बीण हीही आयलीलाच. मात्र ही दुर्बीण वडिलांची नव्हे, आणि हे कसे झाले ते लिहून ठेवणे मला भाग आहे.

वडील वारल्यानंतरच्या शिकारीच्या मोसमात, १९८८ साली, मालकीण म्हणून मी पहिल्यांदा कॅम्पवर निघाले. त्याआधी रूडी घरी आला, वडिलांची जुनी पोलादी दुर्बीण रायफलवरून उतरवली आणि एक नवी चकचकीत बसवून दिली. म्हणाला, “हे जुनं डबडं तुला झेपायचं नाही. ही नवी घे. नेम मी जुळवून दिलाय, उगाच गोळ्या वाया घालवू नकोस.” मी भावावर विश्वास ठेवला. मोसमाच्या पहिल्याच सकाळी वडिलांच्या मचाणासमोर असा नर आला की तसा पुन्हा पाहिला नाही. दुर्बिणीतली फुलीची तार बरोबर त्याच्या खांद्यामागे धरली, श्वास रोखला, घोडा दाबला. नर शेपूट उंचावून निघून गेला.

आमच्या कॅम्पचा रिवाज सर्वांना ठाऊक आहे. ज्याचा नेम चुकेल त्याच्या शर्टाचा मागचा पल्ला कापायचा, त्यावर नाव घालायचे आणि भिंतीला ठोकायचा. माझा रूडीने स्वतः कापला, सगळ्यांसमोर, हसत हसत. तो अजून चुलीच्या वर लोंबतो आहे. आणि वडिलांची दुर्बीण पुढे रूडीच्या रायफलवर दिसू लागली. तिच्यातून मारलेल्या हरणांची शिंगे त्याने ओसरीवर लावली आणि दिसेल त्याला सांगू लागला, की नवीन दुर्बिणी म्हणजे कचरा, माल घ्यावा तो जुनाच. डबडे एका रात्रीत सोने झाले!

लाजेने मी ती रायफल कित्येक वर्षे हातात धरली नाही. आर्व्हिड गेल्यावर एका उन्हाळ्यात खडीच्या खाणीत पुठ्ठा लावून पाहिले. सगळ्या गोळ्या नेमापासून वीतभर डावीकडे, पण एकमेकींना इतक्या चिकटून की वर कॉफीचा कप पालथा घातला तर झाकून जाव्यात. म्हणजे दुर्बीण उत्तम होती. नेमच जुळवला नव्हता. स्क्रू फिरवून तो जुळवायला मला कॉफी निवण्याइतकाही वेळ लागला नाही, आणि तेव्हापासून तो हललेला नाही. रूडीला मी हे बोलले नाही. बोलले असते तर तो हसला असता आणि विषय तिथेच मिटला असता. मला तो मिटवायचा नव्हता.

४. जुनी दुर्बीण घ्यावी की नवी, असे गावातली पोरे विचारतात, म्हणून आयलीसाठी लिहिते. जुनी पोलादी स्वस्त मिळाली आणि भर उजेडातच शिकार करायची असेल तर जरूर घे. पण आधी काच उजेडाकडे धरून बघ. आत ढगाळ दिसली तर फुकटही घेऊ नकोस, कारण दुरुस्त करणारी माणसे आता उरली नाहीत. संध्याकाळच्या अंधुक उजेडात मात्र आजच्या काचेची सर जुनीला नाही, उगाच हट्ट करू नये. आणि जुनी असो वा नवी, नेम स्वतः जुळवावा. तुझ्या वाट्याला आलेली दुर्बीण नवी होती, आता तीही म्हातारी झाली आहे.

५. वडिलांची दुर्बीण कायद्याने माझी आहे. ती मी रूडीला देते. तिच्या आतले सील केव्हाच सुकले आहे आणि काच आतून धुरकटली आहे. त्याला नवी घेता येत नाही, कारण जुनीची आरती त्यानेच ओवाळली. गेली काही वर्षे हार्जूच्या जंगलात धुके पडते ते फक्त रूडीच्या मचाणासमोर. तो चुकतो हे आयलीने तळ्याच्या काठावरून पाहिले आहे. पण कात्री त्याच्याच खिशात, मग त्याचा पल्ला कापणार कोण?

६. कॅम्पवरचा त्याचा पलंग त्याला तहहयात मिळेल, तो पुढील अटीवर. माझ्या पश्चात येणाऱ्या मोसमाच्या पहिल्या सकाळी त्याने वडिलांच्या मचाणावर बसावे आणि वडिलांच्याच दुर्बिणीतून पहिली गोळी झाडावी. हरीण पडले तर माझा पल्ला उतरवून चुलीत घालावा. नेम चुकला तर आयलीने माझ्या शिवणाच्या कात्रीने सर्वांसमोर बापाचा पल्ला कापून माझ्या शेजारी ठोकावा. खिळा मी मारून ठेवला आहे. रूडी मचाणावर बसायलाच तयार नसेल तर पलंग आयलीच्या कुत्र्याला द्यावा. सुटकेची वाट एकच. चुलीपुढे उभे राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असे, त्याने म्हणावे, “लेम्पीच्या दुर्बिणीचा नेम मी जुळवला नव्हता.” एवढे म्हटले की बाकी सर्व अटी रद्द.

७. कलम सहा आज मी जवळजवळ खोडणार होते, हेही नमूद करते. मला वकिलांकडे आणले रूडीनेच. येताना मला आवडते तशी, सलगम जास्त घातलेली मांसाची गरम पेस्टी, म्हणजे भाजलेली मोठी करंजी, आणली, अंगावर घोंगडी टाकली, आणि मला वाटले, जाऊ दे, म्हातारा झाला आता. मग गाडीतून उतरताना मी वडिलांच्या दुर्बिणीचा विषय काढला. त्याला एक संधी द्यावी म्हणून काढला. तो म्हणाला, “बरं झालं मी नेली. तू काय, तुला नेम जुळवून दिला तरी साधता आला नाही.”

कलम सहा कायम आहे. तो खाली गाडी चालू ठेवून बसला आहे. घाई करू नकोस, सगळे नीट लिही, असा त्याने निरोप पाठवला आहे, आणि मी सगळे नीट लिहिले आहे.

वाचून, समजून, हात न थरथरता केलेली सही:
लेम्पी साल्मेला

आमच्यादेखत सही झाली. साक्षीदार:
१. इम्पी कांगास, शेजारीण
२. वेर्नर लुओमा, वकिलांचे कारकून

स्थळ: हार्जू. दिनांक: ९ ऑक्टोबर २०१९