आधी मागच्या वर्षीचं

प्रिय पहिल्या बाकवाले,

पत्र फाडायचं असेल तर वाचून फाड. कॉलेज अर्धवट सोडलेला माणूस मास्तर झालाय हे ऐकून तू हसली असशीलच. हस. रजेवर गेलेल्या बाईंच्या जागी तात्पुरता आहे, पण सातवीची पोरं मला 'सर' म्हणतात आणि मी अजूनही मागे वळून बघतो, कुणाला म्हणतायत.

मुख्याध्यापिकाबाईंनी सांगितलं, राष्ट्राध्यक्षांचं वार्षिक भाषण मुलांना शिकव. म्हणजे टीव्हीसमोर बसव, मुद्दे फळ्यावर लिही, निबंध घे. जरा वेळात निम्मा वर्ग जांभया द्यायला लागला. मग मी टीव्ही बंद केला आणि नियम काढला. प्रत्येकाने आपल्या घराचं राष्ट्राध्यक्ष व्हायचं, टेबलावर उभं राहून घराचा वर्षाचा हालहवाल सांगायचा. पण आधी मागच्या वर्षी दिलेली वचनं सांगायची. एका चिमुरडीने छाती फुगवून जाहीर केलं की आमच्या घरातली गळती पूर्ण थांबली आहे, कारण नळालाच पाणी नाही. सगळा वर्ग हसून लोळला. त्यानंतर मी मागच्या वर्षीचं भाषण लावलं, मग यंदाचं. आता जांभई कुणाला येतेय. नव्या दवाखान्यांची गोष्ट निघाली तसा मागून आवाज आला, सर, हे तर मागच्या वेळीच बांधून झाले होते ना.

इथवर ठीक होतं. पण सिमेंटवाल्याचा मुलगा, ज्याला सगळे 'गुपचूप' म्हणतात कारण तो बोलतच नाही, तो घरी जाऊन खुर्चीवर चढला आणि कबूल केलेल्या सायकलचं काय झालं ते त्याने बापाला भर जेवणात विचारलं. बाप शाळेच्या समितीवर. लगेच तक्रार आली, मास्तर पोरांना बापावर आणि देशावर उठवतोय. मुख्याध्यापिकाबाई म्हणतात, बाळा, माफीच्या दोन ओळी लिहून दे, नोकरी राहील. मी म्हटलं, चूक दाखवा, पानभर लिहितो.

कॉलेजात त्या प्राध्यापकांनी माझा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा म्हणून उडवून लावला, तो दिवस आठवतो? आदल्या दिवशी जिन्यात तू म्हणाली होतीस, उद्याही त्यांनी प्रश्न टाळला आणि तू वर्गातून उठलास, तर मीही उठेन. मी उठलो. दारापर्यंत जाऊन वळून पाहिलं, तर तू पहिल्या बाकावर पेनाचं टोपण काढत होतीस. मी पुन्हा त्या वर्गात आलो नाही. तुझ्यावरचा जीव मात्र काही केल्या निघत नाही, त्याला मी काय करू.

सोमवारी शिक्षण कार्यालयातून चौकशीला कोण येणार, ते बाईंनी आज सांगितलं. म्हणून लिहितोय. ओळखीचा आहे म्हणून मला सांभाळून घेऊ नकोस, आणि ओळख नसल्यासारखंही करू नकोस. माझी नोकरी तुझ्या हातात आहे, माझी मान नाही. माफी मी लिहिणार नाही. आणि मुलांपुढे उभं राहून तुला काही बोलायचं असेल, तर नियम पाहुण्यांनाही लागू आहे, पोरं सोडणार नाहीत. आधी मागचं वचन, मग भाषण. कोणतं वचन, ते मी त्यांना सांगितलेलं नाही.

तुझाच,
दारात वळून उभा असलेला